‘गेट’वरची हरकत

चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्याला बांधलेली दोरी मी आणली तेव्हा दोन फूट चार इंच होती. आता ती एक फूट नऊ इंच आहे. गाठ सुटत नाही, म्हणून दर वेळी कात्री लावावी लागते आणि साधारण पाव इंच जातो. म्हणजे गठ्ठा अठ्ठावीस वेळा उघडला.

हा सगळा गठ्ठा एकाच इंग्रजी क्रियापदाचा, ‘गेट’चा. मिळणे, पोचणे, होणे, समजणे, डोक्यात जाणे. शिवाय आउट, ओव्हर, अलाँग या शेपट्या. आमच्या कोशाची बाकीची अक्षरं, अगदी झेडसुद्धा, छापखान्यात जाऊन बसली आहेत. घोडं अडलंय ते एवढ्या शब्दापाशी.

संपादक अण्णांनी घातलेला नियम असा, की पुरी झालेली नोंद त्यांनी सगळ्यांसमोर वाचायची. एकानेही हरकत घेतली, तर नोंद आणखी महिनाभर उघडी. सगळे म्हणजे टायपिस्ट छोटी, वय वर्षं त्रेचाळीस, शिपाईमामा, आणि मुद्रितं तपासणारी मी. कोश संपला की कार्यालयाला कुलूप. मग अण्णा दिवसभर करणार काय? या काळजीने आम्ही पाळी लावून हरकती घेत आलो. एकदा छोटी तापाने फणफणली आणि तिची पाळी रिकामी गेली, तेव्हा अण्णांनीच स्वतःच्या नोंदीवर हरकत घेतली. एक पूर्णविराम त्यांना तिरका वाटत होता.

आज पाळी माझी होती. आणि नेमका सकाळीच बहिणीचा फोन आला. तिची रोपवाटिका आहे, माझ्यासाठी तिने तिथली एक खोली धरून ठेवली आहे.

“वनस्पतिशास्त्र शिकलीस आणि शब्दांना पाणी घालत बसलीस,” ती म्हणाली. “येणार की नाही?”

“बघते.”

“तीन वर्षं बघतेयस. ‘बघते’ म्हणजे ‘नाही’, एवढं मला कोश न उघडता कळतं. संध्याकाळपर्यंत सांग. नाहीतर उद्या मी दुसरी बाई ठेवते.”

कार्यालयात आले तर अण्णा चष्मा पुसून तयारच होते. नव्वद अर्थ त्यांनी न अडखळता वाचले. मामांनी दोन जांभया दिल्या, एक तर आवाजासकट.

“एक्क्याण्णव. गेट अ लाइफ. बोलभाषा. क्षुल्लक गोष्टीत आयुष्य घालवणाऱ्याला मारलेला टोमणा.”

“उदाहरण कुठनं मिळालं, अण्णा?” छोटीने विचारलं.

“आमच्या नातीकडून.”

“कुणाला म्हणाली ती?”

“मला.”

छोटीने घाईघाईने खाली वाकून न पडलेलं पेन शोधलं.

“पण अण्णा, तीन पुरावे लागतात की,” मामा गंभीरपणे म्हणाले. “नियम तुमचाच आहे.”

“तीन आहेत. वेगवेगळ्या दिवशीचे. तारखा घातल्यात.” अण्णांनी तिन्ही चिठ्ठ्या टेबलावर ओळीने लावल्या. “तिन्ही वेळा मलाच.”

“पोर सातत्याची आहे,” मामा म्हणाले.

अण्णा हसले नाहीत. त्यांनी चिठ्ठ्यांच्या कडा जुळवल्या आणि चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. “हरकत?”

माझी हरकत तयार होती. ‘गेट अवे’पाशी ‘पळ काढणे’ आहे, पण ‘सुट्टीवर जाणे’ नाही. रास्त हरकत होती. छोटीने टेबलाखालून पायाने ढोसलं. मामा खाकरले, मग पुन्हा खाकरले.

“मामा, पाणी प्या,” अण्णा म्हणाले.

“मी ठीक आहे. ताईंना काही बोलायचंय बहुतेक.”

अण्णांच्या वहीत पुढच्या वाचनाची तारीख पेन्सिलीने आधीच लिहिलेली मला दिसली. त्याखाली त्याच्या पुढची. त्याखालीही एक. अक्षर नेहमीसारखं नीटनेटकं होतं. मी बोलायच्या आतच ते हळूच म्हणाले, “लहानशी असली तरी चालेल, ताई.”

मी मामांपुढचा ग्लास उचलला आणि अर्धा रिकामा केला.

“नाही, अण्णा,” मी म्हणाले. “माझी काही हरकत नाही. नोंद बंद करा. एक तारखेपासून मी बहिणीकडे रोपवाटिकेत जातेय.”