गेरासिमच्या मागे वेलिकाआजी

डॅन्यूबकाठच्या आमच्या गावात डोळ्यांचा डॉक्टर महिन्यातून एकदाच येतो आणि बाराच्या गाडीने परत जातो. वेलिकाआजीला त्याची सही हवी होती. मिळाली तर सोमवारी मोतिबिंदूचं ऑपरेशन, नाहीतर आणखी एक महिना चाचपडणं. दुसरा डोळा आधीच गेलेला.

दवाखान्यात आलं की आम्ही "शेवटचं कोण?" विचारतो आणि तेवढं एक माणूस लक्षात ठेवतो. या खेपेला मात्र भिंतीवर पुढच्याचं नाव दाखवणारा नवा पडदा होता. तो बसवणारी दिलियाना मांडीवर लॅपटॉप घेऊन आमच्यातच बसली होती.

आजीच्या पुढचा गेरासिम आत असतानाच नर्सने सुधारलेली यादी पाठवली. दिलियानाने जुनी अख्खी काढून टाकली, तिच्या जागी नवी भरली. नावं बहुतेक तीच. गेरासिम बाहेर आला, टोपी चढवून घरी गेला. पडद्यावर उमटलं: ‘कृपया थांबा’.

आम्ही थांबलो. साडेअकरा झाले. आतल्या पडद्यानेही डॉक्टरला तेच सांगितलं असावं. दाराआडून कपात चमचा ढवळल्याचा आवाज येत होता.

"पोरी, काय करून ठेवलंस?" आजी तिसऱ्यांदा उठली.

"यादी बरोबर आहे, आजी! तुमचंच नाव पहिलं आहे!"

"मग हाक का मारत नाही?"

दिलियाना नखं कुरतडत होती. एकदम थांबली. "आत कोण आहे हे दाखवणारं बोट जुन्या यादीतल्या गेरासिमवरच राहिलं. ती नोंद तर मी पुसली. आता गेरासिमनंतर कोण, हे पडद्याला कळतच नाही."

"मनाला लावून घेतलंय बिचाऱ्याने," मी म्हणालो. कुणी हसलं नाही.

पावणेबारा. आजीने काठी आपटली. "मी गेरासिमच्या मागे. तू रे?"

"तुमच्या मागे."

"मी ह्याच्या," माझ्यामागचा क्रस्त्यो पुटपुटला. "पण आजी, पडद्याने बोलावलं नाही अजून."

"पडद्यालाच मोतिबिंदू झालाय. गेरासिम घरी बसून सूप भुरकतोय. माझ्यापुढे आता कोण उरलं?"

आणि ती दार ढकलून आत गेली.

दिलियाना लॅपटॉपच्या कळा भराभर बडवत होती: यादी बदलली की बोट नव्या यादीच्या पहिल्या नावावर. बाराला चार मिनिटं असताना पडदा जागा झाला: ‘वेलिका स्टामेनोवा, आत या’.

दारातून सही झालेला कागद बाहेर आला, मागून आजी. "आले जाऊन. पुढच्याला बोलाव."

पडद्याने ऐकलं. माझं नाव झळकलं, आणि डॉक्टर बॅग घेऊन माझ्या शेजारून स्टेशनकडे निघाला.