नाव काढणे

बेबाबाईने डावा हात पदराखाली झाकून घेतला होता. नवलने खुर्ची पुढे केली तरी ती टेबलापाशी उभीच राहिली. यावलहून पहिल्या एसटीने आली होती. केळीच्या बागेत मजुरी करायची आणि तिला लहानपणापासून मिरगीचे झटके यायचे. संस्थेची गोळी चालू झाल्यापासून झटका तिच्या वाटेला गेला नव्हता.

"मागच्या महिन्यात गोळ्याच भेटल्या नही, भाऊ," ती म्हणाली. "केंद्रातली ते पोरगी म्हने, तुमचं नावच नही मशीनमंधी. मी म्हनलं, बई, मी त जितीजागती तुह्यापुढं उभी आहे."

मग एका सकाळी चुलीपुढेच झटका आला आणि हात विस्तवात गेला. हे सांगताना तिने पदर थोडा सरकवला. भांडायला ती आलीच नव्हती. नाव परत लागलं का, एवढंच तिला बघायचं होतं. नवलने यादी उघडून दाखवली. नाव होतं, कारण त्यानेच ते जुन्या प्रतीवरून पुन्हा भरलं होतं. आता ते जाणार नाही, असंही त्याने सांगितलं.

"तुम्हीच लावलं का? देव तुमचं भलं करो," बेबाबाई म्हणाली. त्यापेक्षा तिने एक थोबाडीत दिली असती तर नवलला बरं वाटलं असतं. कारण तिचं नाव गेलं होतं ते त्याच्याच एका शब्दापायी.

जळगावच्या त्या रुग्णसेवा संस्थेत पहिला संगणक आला तेव्हापासून नवल होता. हंगामी म्हणून लागला आणि त्याचा हंगाम काही संपला नाही. यंदा पुण्याच्या एका कंपनीने डेटाबेस नव्याने बसवून दिला. तिथल्या मोहिनी मॅडमनी फोनवर सांगितलं की कोणत्या कमांडला कोणती परवानगी लागेल आणि ती कोणाला द्यायची ते लिहून पाठवा, त्याप्रमाणे आम्ही कुलपं लावू. संस्थेचे चिटणीस तरुणशेठ म्हणाले, मराठीतच लिही, केंद्रावरच्या पोरींना समजलं पाहिजे. नवल हरखून गेला. आयुष्यभर त्याने दुसऱ्याचं लिहिलेलंच टाइप केलं होतं. त्याने जीव ओतून लिहिलं. नोंद पाहणे, नोंद भरणे, नोंद बदलणे, आणि प्रत्येकापुढे कोणाला मुभा ते. त्यातच एक ओळ होती, 'नोंदी काढणे: सर्व केंद्रे.'

आता ऑफिसात काढणे म्हणजे काय हे शेंबडं पोरही सांगेल. यादी काढ, मागचं रेकॉर्ड काढ, म्हणजे छापून हातात दे. पुसायचं असेल तर तिथे 'रद्द' म्हणत. पण मोहिनी मॅडम काही या ऑफिसात बसत नव्हत्या. त्यांनी वाचलं, काढणे म्हणजे काढून टाकणे, आणि त्यात त्यांचं तरी काय चुकलं? दात काढतात, काटा काढतात, माणसाला कामावरूनही काढतात. त्यांनी ती परवानगी सगळ्या केंद्रांना देऊन टाकली आणि बटणावर शब्दही नवलचाच ठेवला. यावल केंद्रावरच्या दीपमालाला औषधांसाठी यादी हवी होती. तिने सगळी नावं निवडून 'काढा' दाबलं. यंत्राने विचारलं, 'नोंदी काढायच्या आहेत का?' ती 'हो' म्हणाली आणि प्रिंटरकडे बघत बसली.

दर महिन्याची औषधांची पेटी यादीतल्या नावांवरूनच जळगावहून निघते. नवल नावं परत भरेपर्यंत यावलची पेटी काही निघाली नाही.

बेबाबाई गेल्यावर तरुणशेठनी त्याला केबिनमध्ये बोलावलं आणि चहा मागवला. चहा आला तेव्हाच आपल्यावर काय येणार ते नवलला उमगलं. शेठ वाईट नव्हते. ते म्हणाले, कंपनी हात वर करते, लेखी होतं तेच केलं म्हणते. दीपमालाने तर तू लिहिलेलं होतं तेच बटण दाबलं. कमिटीला कोणाचं तरी नाव द्यावं लागणार. मग म्हणाले, "तू लिहिलंस ना ते, त्याचा एक प्रिंट काढ."

नवलने काढला. त्याची सगळी बाजू शेठच्याच त्या वाक्यात होती. ती दाखवायला तो तोंडही उघडणार होता, पण बेबाबाईचा हात डोळ्यांपुढून हलेना. शब्दाचे दोन अर्थ सांगून तो हात थोडाच बरा होणार होता? त्याने प्रिंट शेठपुढे ठेवला.

"उद्यापासून येऊ नकोस," शेठ चहाच्या कपाकडे बघत म्हणाले. "जाताना सिस्टीममधून तुझं नाव काढून जा."

परवानग्या द्यायची आणि परत घ्यायची मुभा फक्त नवललाच होती. तशी ओळही त्यानेच लिहिली होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्याने स्वतःच्या नावापुढची एकेक मुभा परत घेतली आणि शेवटची घेतली तेव्हा त्याला आतून पार रितं वाटलं. बेबाबाईचं नाव एकदा पुन्हा पाहावं म्हणून त्याने यादी उघडायला घेतली. पडद्यावर आलं, 'ही नोंद पाहण्याची आपल्याला परवानगी नाही.' हे वाक्यही त्याचंच होतं. 'आपल्याला' लिहावं की 'तुम्हाला', यावर तेव्हा त्याने बराच वेळ घालवला होता.

बायको माहेरी गेली होती. जळगावच्या बंद खोलीत जायला त्याचं मन होईना, म्हणून तो धुळ्याच्या गाडीत बसला आणि वाटेत आपल्या गावाच्या फाट्यावर उतरला. त्याचे वडील, झुलालआबा, ओट्यावर खाटेवर पडले होते. अलीकडे त्यांना चार शब्दांतले दोनच ऐकू येत.

"आज कसा काय उना रे?" त्याला असा अवचित आलेला पाहून त्यांनी विचारलं.

खोटं बोलायचं त्याच्या जिवावर आलं. नोकरी गेल्याचं सांगायला तो त्यांच्या कानाशी वाकला. "आबा, मनं नाव काढं त्यासनी."

आबा कोपर टेकून उठून बसले. त्यांचं तोंड उजळलं.

"नाव काढं?" ते म्हणाले. "माले माहीतच व्हतं. तुनी माय सांगे, हाऊ पोऱ्या नाव काढी." मग समोरच्या घराकडे तोंड करून त्यांनी हाक दिली. "रुपचंद, ओ रुपचंद! मना नवलनी नाव काढं रे!"

नवल पायरीवर बसून बुटाची नाडी सोडू लागला. आबांनी उशाची टोपी घेतली, झटकली आणि पारावर जायला म्हणून डोक्यावर नीट बसवली. नाडी केव्हाच सुटली होती. तरी नवल खाली मान घालून ती सोडतच राहिला.