तव्यावाचून घावन

खडकीच्या एका कारखान्यात मी तेहतीस वर्षं तपासनीस होतो. लोकांनी घाम गाळून बनवलेला सुटा भाग हातात घ्यायचा, बारीक मापाने मोजायचा आणि केसभर फरक आढळला की त्यावर लाल खूण करायची, एवढंच माझं काम. स्वतः मी आयुष्यात एक खिळासुद्धा बनवलेला नाही. निवृत्त झाल्यावर चुका काढायला माझ्या बायकोखेरीज, म्हणजे सुहासिनीखेरीज, कोणी उरलं नाही.

तिचं माहेर कोकणातलं. त्यामुळे रविवारी सकाळी आमच्याकडे तांदळाच्या पिठाची घावनं असत. ती गरम घावन ताटात वाढायची आणि मी ते दोन्ही हातांनी उचलून खिडकीकडे धरायचो. उजेड कुठून किती येतोय ते बघून सांगायचो, "डावीकडे जाळी विरळ पडली आहे." नाहीतर, "मागच्या रविवारपेक्षा जाड वाटतं." मला खरंच वाटायचं, की मी तिला मदत करतो आहे.

एका रविवारी खालच्या मजल्यावरचे जयसिंगराव आणि त्यांच्या पत्नी मुक्ताबाई आमच्याकडे आले होते. बिबवेवाडीत आमची सोसायटी उभी आहे तिथे पूर्वी जयसिंगरावांच्या घरची ज्वारी डोलायची. आता ते तळमजल्यावर राहतात आणि सोसायटीतल्या सगळ्यांना न बोलावता मदत करतात. त्यांच्यासमोर मी घावन खिडकीकडे धरलं आणि म्हणालो, "सगळा तव्याच्या तापमानाचा प्रश्न आहे. बायका अंदाजाने करतात. शास्त्रशुद्ध केलं, तर प्रत्येक घावन एकसारखं येईल."

सुहासिनी हातात कालथा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आवाज जराही न चढवता ती म्हणाली, "मुक्ताबाई, पुढच्या रविवारी दहा वाजता दोघंही या. हे घावनं करणार आहेत. शास्त्रशुद्ध."

"भाऊजी करणार?" मुक्ताबाईंनी मला नीट न्याहाळलं. "मग यायलाच पायजे."

आता नाही म्हणण्याची सोय नव्हती. शनिवारी दुपारी सुहासिनी पिशवी भरून खडकीला तिच्या धाकट्या बहिणीकडे, हेमाकडे निघाली. "उद्या दहापर्यंत येते. मी असले तर तुमच्या शास्त्रात लुडबुड होईल," असं म्हणून तिने चपला घातल्या.

ती गेल्यावर मी तवा तपासायला घेतला. बिडाचा, चांगला जड. आमच्या लग्नात तिच्या आईने दिलेला. त्यावर काळा तुळतुळीत थर साचला होता. माझ्या मते ती घाण होती. मी गॅलरीत बैठक मारली, पॉलिशपेपर घेतला आणि दोन तास तो तवा घासला. खांदे भरून आले, पण आत पांढरट धातू दिसायला लागला तेव्हा मला फार समाधान वाटलं. इतक्या वर्षांत हिला हे सुचलं नाही, असंही मनात आलं.

रविवारी आठ वाजता मी तवा शेगडीवर ठेवला, ज्योत मोठी केली आणि पीठ भिजवायला घेतलं. पीठ किती पातळ हवं, हे ठरवण्यासाठी मी ते चमच्यातून सोडून धार मोजत बसलो. इकडे तवा धुरायला लागला. पाण्याचा थेंब टाकून बघतात, एवढं मला ठाऊक होतं. थेंब टाकला, तो उडून गेला. दुसरा टाकला, तोही उडाला. तवा फार तापला आहे हे सिद्ध झालं. तो लवकर निवावा म्हणून मी पेलाभर गार पाणी त्यावर ओतलं.

ठण्ण असा आवाज झाला आणि तव्याचे सरळ दोन तुकडे झाले.

तापलेल्या बिडावर गार पाणी ओतू नये, हे कारखान्यात नव्या आलेल्या प्रत्येक कामगाराला मी स्वतः सांगत असे. अगदी बोट नाचवून.

मी ज्योत बंद केली. मग तुकडे निवल्यावर जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळले आणि पिठाच्या डब्यामागे सारले. जयसिंगरावांकडे तवा मागता आला असता. पण पाहुण्यांकडूनच तवा आणायचा, तर मग शास्त्र कसलं?

मी आधी स्टीलचं ताट शेगडीवर ठेवलं. त्यावरचं घावन असं काही चिकटलं, की खरवडल्यावर ताटाचा रंगच बदलला. मग मला युक्ती सुचली. लोखंडी कढई पालथी घातली, की तिची पाठ म्हणजे तवाच. मी कढई पालथी ठेवली आणि वरून पीठ ओतलं. पिठाने उतार पाहिला आणि चारी बाजूंनी घसरत ते थेट बर्नरमध्ये गेलं. ज्योत विझली. घाईने शेगडीची कळ बंद करताना कोपराने उरलेल्या पिठाचं पातेलं हललं आणि निम्मं पीठ ओट्यावरून माझ्या लेंग्यावर आलं.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. दहाला वीस मिनिटं कमी होती.

मुक्ताबाई बाहेरच्या खोलीत थांबणाऱ्यातल्या नाहीत. त्या सरळ आत आल्या. ओटा, कढई, मी, असं सगळं त्यांनी क्रमाने पाहिलं.

"तवा कुठं हाय?"

मी म्हणालो, "सुहासिनी घेऊन गेली. हेमाकडे. त्यांना लागत होता."

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी खोटं बोललो, तेही न अडखळता. बाहेरच्या खोलीतून जयसिंगराव हळहळले, "अरेरे! वहिनींनी चांगलीच जिरवली म्हणायची."

त्यांचं वाक्य संपतं न संपतं तोच सुहासिनी दारात. खडकीहून बस लवकर मिळाली होती. मुक्ताबाईंनी स्वयंपाकघरातूनच विचारलं, "वहिनी, आज घरी तवा लागणार, तरी बहिणीकडं घेऊन गेला व्हय?"

सुहासिनी आत आली. तिने माझ्या लेंग्याकडे पाहिलं. शेगडीकडे पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे. मी तिची नजर चुकवून पाणी भरायच्या पिंपाकडे बघत राहिलो.

"हो," ती म्हणाली. "घाईत तिकडेच विसरले. काय हा माझा वेंधळेपणा!"

मला त्या क्षणी पिंपात उडी मारावीशी वाटली.

मुक्ताबाईंनी मात्र पदर खोचला होता. त्या म्हणाल्या, "मांजरी गावाला आमच्या माहेरी गुऱ्हाळ चालायचं. उसाच्या फडातच आठ-आठ दिस मुक्काम. एकदा आई तवाच घरी विसरली. मग तिनं कढईत धिरडी केली. ती कढई सरळ करा आधी. पालथी कशाला घातली? तिला काय झोपवायचं हाय?"

मी कढई सरळ केली. त्या करून दाखवायला पुढे सरसावल्या, तशी सुहासिनीने त्यांचा हात धरला. "तुम्ही नुसतं सांगा. हे करतील." आणि दोघी स्टुलं घेऊन माझ्यामागे बसल्या.

पाठीमागे दोन जाणकार बसलेले असताना काम करणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. अर्धा कांदा तेलात बुडवून कढईला आतून फिरवायचा. पीठ वाटीभरच ओतायचं. मग फडक्यांनी दोन्ही कान धरून कढई गोल फिरवायची, म्हणजे पीठ तळाशी न साचता कडेपर्यंत चढतं. वर झाकण, आणि आच बारीक. पहिल्या खेपेला मी फिरवायचं विसरलो आणि तळाशी गोळा झाला. दुसऱ्या खेपेला जोरात फिरवलं आणि थोडं पीठ कढईबाहेर गेलं. मुक्ताबाई म्हणाल्या, "भाऊजी, वरात नाचवताय का?" सुहासिनीने फक्त पुसायला फडकं पुढे केलं. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

तिसरं सुटलं. कडा पातळ आणि कुरकुरीत, मधोमध जाड, आकार टोपीसारखा. ते ताटात सपाट बसेना. जयसिंगरावांनी ते उचलून खिडकीकडे धरलं, एक डोळा मिटला आणि गंभीरपणे म्हणाले, "गोपाळराव, उजेड काय दिसंना." मग त्यांनी त्या खोलगट भागात खोबऱ्याची चटणी भरली आणि तीन घास करून संपवलं. पुन्हा पीठ भिजवून मी एकूण अकरा घावनं केली. एकही दुसऱ्यासारखं आलं नाही. सगळी संपली.

ती दोघं खाली गेल्यावर सुहासिनीने दार लावून घेतलं.

"तुकडे कुठे ठेवलेत?"

"तुला कसं कळलं?"

"मी तवा नेला नव्हता, हे मला माहीत नसेल का? आणि शाबूत असता तर तुम्ही तो लपवला नसता."

मी वर्तमानपत्राची गुंडाळी काढून तिच्यापुढे ठेवली. तिने दोन्ही तुकडे मांडीवर घेतले आणि घासलेल्या भागावरून बोट फिरवलं. ती रागावेल अशी तयारी मी केली होती. पण ती रागावली नाही, त्यामुळे माझी पंचाईत झाली.

"आईने दिला तेव्हा असाच पांढरा होता," ती म्हणाली. "सगळं चिकटायचं. नीट घावन सुटायला दोन वर्षं लागली. तुम्ही जेवून कामावर गेलात, की मी उरलेल्या पिठाची दुपारी करून बघायची. बिघडलेली सगळी मीच खायची. तुम्हाला फक्त चांगली वाढत होते."

चांगली! आणि त्या चांगल्यांतले दोष मी खिडकीशी उभा राहून मोजत होतो.

"चूक झाली," मी म्हणालो. हे शब्द मी दुसऱ्यांच्या कागदांवर पुष्कळदा लिहिले होते. उच्चारायला मात्र जड गेले.

"कुठली? तवा फोडल्याची की माझ्यावर ढकलल्याची?"

"दोन्ही. आणि आधीच्याही."

"आधीच्या पुष्कळ आहेत," ती म्हणाली. "आज राहू द्या. आधी तो लेंगा भिजत टाका."

संध्याकाळी मी खाली जाऊन जयसिंगराव आणि मुक्ताबाईंना खरं काय ते सांगितलं. मुक्ताबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते ठावं हाय. बीड फुटल्याचा आवाज खाली आला होता."

आठवडाभराने आम्ही दोघं बोहरी आळीत जाऊन नवा तवा घेऊन आलो. सुहासिनी सध्या त्याला रोज तेल लावून तापवते आणि तो निवल्यावर मी कोरड्या फडक्याने पुसतो. एवढंच काम तिने माझ्याकडे दिलं आहे. तवा तयार व्हायला दिवाळी उजाडेल, असं ती म्हणते. तोवर रविवारी मी कढई चढवतो, आणि बिघडलेली पहिली दोन आम्ही अर्धी अर्धी वाटून खातो.