मापाचा तारा

भाविकाचं डोकं सकाळपासून फिरलेलं होतं. मुरबाडकडच्या त्या गावात रेंज मिळायची ती फक्त खळ्यावर, आणि नेमकं आजच आई धोंडीबाई आणि वत्सलाकाकी खळ्यावर भाताच्या वाटण्या करत होत्या. नाकात तूस, लॅपटॉपवर ऊन, आणि कानाशी आईचं मोठ्यानं मोजणं: लाभ, दोन, तीन. पहिल्या पायलीला एक म्हणायचं नसतं, लाभ म्हणायचं.

सातासमुद्रापार एका डोंगरावर सहा दुर्बिणी एकत्र जोडलेल्या होत्या. तिकडे रात्र, इकडे दुपार. त्यांच्यातून भाविका एका तेजस्वी ताऱ्याभोवतीचं वायूचं कडं गेली दोन वर्षं मोजत होती. हे कडं फुगतंय, असं सांगणारा तिचा प्रबंध सोमवारी जायचा होता. पण आकडे सरळ येतील तर शपथ. आज फुगलेलं, परवा आटलेलं. दुर्बिणींचा शेवटचा अर्धा तास हातात होता आणि तिला त्या ताऱ्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती.

तेवढ्यात माप कमी भरतंय म्हणून काकी अडून बसली. घरून स्वतःची पायली आणून तिनं आईची भरलेली पायली तिच्यात ओतली. दोन मुठी उणी पडली. आईच्या पायलीचं बूड पोचून आत गेलं होतं.

“मापच खोटं, त मोजून काय उपेग?” काकी म्हणाली.

भाविका चमकली. दर वेळी आधी ठाऊक आकाराचा एक साधा तारा बघायचा, त्यावरून यंत्राचं माप ठरवायचं, मग आपला तारा मोजायचा, अशी रीत. तो मापाचा तारा तिनं कधी दुसऱ्याशी ताडून पाहिलाच नव्हता. तिनं घाईघाईनं तिकडे दुर्बिणींवर बसलेल्या माणसाला तो ताडून पाहायला लिहिलं.

वीस मिनिटांत उत्तर आलं. मापाचा तारा एकटा नव्हताच, एकमेकांभोवती फिरणारी जोडी होती. फुगत-आटत होतं ते माप. कडं होतं तसंच होतं.

दोन वर्षं पाण्यात. तिला स्वतःचाच इतका राग आला की रडू फुटलं.

“काय झालं गो?”

“माझीपण पायली पोचलेली निघाली, आये.”

आईनं आपली पायली बाजूला सारली. चरफडत तिनं दोन्ही राशी पुन्हा एक केल्या, काकीची पायली भरली आणि म्हणाली, “लाभ.”

भाविकानं नाक पुसलं, दातओठ खात दोन वर्षांपूर्वीच्या पहिल्या रात्रीची फाइल उघडली.

“लाभ,” तीही म्हणाली.