छत्रीची खोटी जागा

ढग दाटले की नदीचं पाणी तपासणारं आमचं काठावरचं स्टेशन मुकं व्हायचं, आणि नेमका त्याच दिवशी कारखाना आपलं काळं पाणी नदीत सोडायचा. खाली अख्खं गाव तेच पाणी पितं. स्टेशनने वेळेत खबर दिली तर नळ बंद करता येतात; नाही दिली तर पोरं आजारी पडतात.

स्टेशनची खबर उपग्रहाकडे धाडणारी छत्री लावायचं काम भावोजींचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं. ते लावून यायचे आणि ढग आले की पुन्हा तेच. म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय. कारखान्याच्या फाटकावरचा पहारेकरी त्यांना हात काय करतो, चहाला काय बोलावतो! कुंपणच शेत खायला लागलं तर राखण कुणी करायची? म्हणून आज मीच सोबत आले, नजर ठेवायला.

वाटभर त्यांची टकळी चालू. दुसऱ्याला बोलू देतील तर शपथ. मन खात असलं की माणूस असाच बोलत सुटतो, मी मनात म्हटलं.

स्टेशनच्या टीचभर खोलीत मी यंत्राची पेटी उघडली, ते शिडीने छपरावर गेले. छत्री उपग्रहाकडे वळवायची ती आवाजावर. कानाशी मीटर धरायचा, छत्री हळूहळू फिरवायची, सूर चढत चढत अगदी बारीक झाला की बोल्ट आवळायचे. पण त्याच्या अलीकडे एक खोटी जागा असते. तिथेही सूर चढतो, पण जरासाच. उघड्या आभाळात तेवढ्यावर भागतं, ढगांत नाही. शिकाऊ माणूससुद्धा तिथे थांबत नाही.

भावोजी तिथेच थांबले. मला खाली ऐकू येत होतं. शीळ घालत ते बोल्ट आवळायला लागले.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. शिडी चढून त्यांच्या पाठीमागे हातभर अंतरावर उभी राहिले.

"भावोजी, कारखान्याला विकले गेलात ना? ताईला तोंड कसं दाखवणार?"

शीळ चालूच.

"चोर आहात तुम्ही!" मी ओरडलेच.

ते शांतपणे पाना फिरवत राहिले. मग वळले, मला बघून दचकले आणि हसले. "आलीस वर? बघ कसा सूर लागलाय!"

मी मीटर घेतला, गुपचूप बंद केला आणि त्यांच्या कानाशी धरला. "लागलाय ना?"

"झकास!" ते म्हणाले. मग माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"कधीपासून?" मी विचारलं.

ते माझ्या ओठांकडे बघत होते. "वर्ष झालं असेल. सूर बारीक झाला की मला ऐकूच येत नाही, मग जिथे शेवटचा ऐकला तिथे थांबतो. साहेबांना कळलं तर कामावर कोण ठेवील गं? घर यावरच चालतं."

मला रडू आलं. चोर निघाले असते तर बरं झालं असतं, शिव्या तरी देता आल्या असत्या.

तेवढ्यात साहेबांचाच फोन. "सापडला का दोष? यंत्राचा की माणसाचा?"

काय विचारलं असेल ते भावोजींनी ओळखलं. नको, नको म्हणून मान हलवत राहिले. मी पाठ फिरवली असती तर काय बोलले ते त्यांना कळलंही नसतं. फिरवली नाही. त्यांच्याकडे तोंड करून, एकेक शब्द सावकाश, ओठ नीट हलवत बोलले.

"माणसाचा. भावोजींना ऐकू येत नाही."