खाणीचं दुसरं तोंड

ऑफिसात त्या यंत्राला सगळे पोपट म्हणत. दिवसभर इंटरनेटवरची पानं वाचायची आणि एखादी गोष्ट तीन पानांवर सापडली की ती तपासनीस बाईंपुढे ठेवायची, हे त्याचं काम. बाईंनी ‘खरं’ दाबलं की ती त्याच्या डोक्यात पक्की बसायची आणि जो कुणी त्याला विचारेल त्याला तो तेच सांगायचा. नियम कडक होता: पानांवर असेल तेच धरायचं, पदरचं काही घालायचं नाही.

मागच्या वर्षी त्याने विचारलं, ‘जुन्या खाणीला एकच तोंड आहे. खरं?’ बाई थबकल्या. त्यांचा नवरा त्याच खाणीत कामाला होता. टेकडीमागे बुजलेलं दुसरं तोंड आहे, हे सासऱ्यांनी मरेपर्यंत शंभरदा ऐकवलं होतं. त्यांनी साहेबांना विचारलं.

“तुमच्या सासऱ्यांचं एखादं पान आहे का?” साहेब हसत म्हणाले. बाईही हसल्या आणि ‘खरं’ दाबून मोकळ्या झाल्या. नोकरी अशीच टिकते, दुसरं काय!

मंगळवारी सकाळी खाण ढासळली. नवऱ्यासह नऊजण आत अडकले. बाई धावतपळत पोचल्या तेव्हा बचावपथकाचा प्रमुख फोनवर पोपटालाच विचारत होता.

“अहो, मागे दुसरं तोंड आहे!”

“ताई, चाळीस ठिकाणी एकच लिहिलंय.”

“ते सगळे त्याचंच वाचून लिहितात! आणि त्याला मी शिकवलंय, मी!”

बाईंना धक्का बसलाय, असं समजून प्रमुखाने पाणी मागवलं. तरी भला माणूस, दोघांना टेकडीमागे पाठवलं. अर्ध्या तासात ते हात हलवत परत आले.

बाईंनी साहेबांना फोन केला, रडल्या, हातापाया पडल्या. “उलट सांगणारी तीन पानं आणा, त्याच्या डोक्यातून लगेच काढतो,” साहेब म्हणाले. त्या क्षणी बाईंना त्यांचा गळा दाबावासा वाटला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

मग त्यांनी एकटीने जिवाचं रान केलं. दोन दिवस झुडपं उपटली, दगड हलवले, नखं फुटली. सासरे नेमकी जागा सांगत तेव्हा आपण भांडी आवरत होतो, हे आठवून त्या मोठ्याने रडत आणि पुन्हा खणत. गुरुवारी दुपारी दोन दगडांमधून गार वारा हाताला लागला.

पथकाने तिथून वाट काढली. चौघे जिवंत निघाले. नवरा त्यांत नव्हता. तो पहाटेच गेला होता.

त्याचा जोडीदार स्ट्रेचरवरून बाईंचा हात धरून म्हणाला, “वहिनी, पहिल्याच तासात तो आम्हाला या तोंडाशी घेऊन आला. म्हणाला, घाबरू नका, माझ्या बायकोला ही जागा ठाऊक आहे. त्या यंत्राला तीच तर शिकवते, तिने केव्हाच सांगितलं असेल.” त्याला धाप लागली. “मग एवढा उशीर का झाला, वहिनी?”