मुंगीच्या दादाचा नंबर

आमचं चष्म्याचं दुकान दहा फूट लांब होतं आणि डोळे तपासायला वीस फूट लागतात. ही अडचण आईने आरसा लावून सोडवली होती. गिऱ्हाइकाची खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली, खुर्चीच्या वर भिंतीवर तक्ता, आणि समोरच्या भिंतीवर आरसा. गिऱ्हाइकाने समोर बघायचं आणि आपल्या डोक्यामागचा तक्ता आरशात वाचायचा. नजर दहा फूट जाणार, दहा फूट परत येणार, झाले वीस. या युक्तीचा आईला इतका अभिमान होता की प्रत्येक नव्या माणसाला ती हे पहिल्यापासून समजावून सांगायची. नव्या माणसाला बहुतेक घाई असायची.

तक्त्यावर अक्षरं नव्हती. युद्ध सुरू झाल्यापासून भरतीच्या कचेरीतून रोज पाच-सहा जण यायचे. त्यातल्या कित्येकांना वाचता येत नसे, म्हणून आईने गोलांचा तक्ता टांगला होता. काळे जाड गोल, आणि प्रत्येकाला एका बाजूला फट, बांगडीचा तुकडा उडावा तशी. फट वर आहे, खाली आहे, डावी आहे की उजवी, एवढंच सांगायचं. सगळ्यात वरचा गोल वाटीएवढा, शेवटच्या रांगेतले वाटाण्याएवढे. चष्म्याशिवाय शेवटून दुसऱ्या रांगेपर्यंत जो पोचेल तो लष्कराच्या कामाचा. जो नाही पोचणार त्याच्या कागदावर आई ‘नापास’ लिहून सही करायची. कचेरीचा डॉक्टर आघाडीवर गेला होता, माझे बाबाही तिकडेच दुर्बिणी दुरुस्त करत होते, आणि डोळ्यांतलं कळणारं माणूस आमच्या भागात आई एकटीच उरली होती.

आरशाखाली एक स्टूल होतं, ती माझी जागा. तिथे बसून मी गृहपाठ करायचे, म्हणजे करायचे नाही. मान वर केली की सरळ समोर तक्ता. वर्षभरात तो मला असा पाठ झाला की पाढेसुद्धा तसे झाले नव्हते. मात्र समोरच्या खुर्चीत मी कधी बसले नव्हते. ‘खुर्ची गिऱ्हाइकाची, खेळायची नाही,’ हा आईचा नियम होता, आणि माझे डोळे ती घरी अंगणात उभं करून तपासायची.

मुंगी माझी मैत्रीण. ती वर्गात सगळ्यांत बुटकी, आणि हातात मात्र कायम तिला न पेलणारं काहीतरी, कधी कोळशाची पिशवी, कधी पाण्याची बादली. म्हणून मुंगी. तिची आई कारखान्यात पाळीवर असायची, घर मुंगी आणि तिचा दादा मिळून चालवायचे. दादा छापखान्यात खिळे जुळवायचा, म्हणजे शिशाची उलटी अक्षरं, जी कागदावर सुलटी उमटतात. मीही त्याला दादाच म्हणायचे.

एका सोमवारी शाळेच्या जिन्यात मुंगीने मला थांबवलं.

“तुला तो गोलांचा तक्ता पाठ आहे ना?”

“झोपेतून उठवून विचार.”

“मग दादाला लिहून दे. गुरुवारी त्याची तपासणी आहे काकूंकडे.”

“म्हणजे त्याला दिसत नाही?”

“दिसतं गं. लांबचं जरा धूसर दिसतं, इतकंच.” ती भिंतीचा पोपडा नखाने काढत होती. “छापखान्यातले सगळे गेले. आता रस्त्यात बायका विचारतात त्याला, तू अजून इथेच कसा म्हणून. घरी येऊन जेवतही नाही.”

मी लगेच हो म्हणाले. मैत्रीसाठी म्हणाले असं आजवर सगळ्यांना सांगत आले आहे, आणि ते निम्मंच खरं आहे. उरलेलं निम्मं असं की आईला फसवता येतं का, हे मला बघायचं होतं. आईला दुधातलं पाणी कळायचं, माझ्या पोटदुखीतलं खोटं कळायचं, खिडकीची काच कुणी फोडली हे न विचारता कळायचं. अशा बाईसमोर एक माणूस न बघता तक्ता म्हणून दाखवतो आणि ती सही करते, या कल्पनेने मला गुदगुल्या होत होत्या. वहीचं पान फाडून मी सगळ्या रांगा लिहून काढल्या.

पान द्यायला आम्ही दोघी छापखान्यात गेलो. दादा उभ्याने काम करत होता. एक-एक खिळा चिमटीत उचलायचा, डोळ्यांजवळ न्यायचा, मग पट्टीत बसवायचा. मी दिलेलं पानही त्याने तसंच धरलं, नाकापासून वीतभर. जरा लांब गेलं की परत जवळ ओढायचा. मला उगाच त्या वितेकडे बघत राहावंसं वाटलं. आईने एकदा सांगितलं होतं, चष्मा न लावणारा माणूस कागद कुठवर लांब धरून वाचू शकतो ते बघायचं, त्यावरून नंबर काढता येतो. हात लांब करून वाचत असेल तर दीड. वीतभरच दिसत असेल तर साडेचार.

साडेचार म्हणजे जरा धूसर नव्हे. पण साडेचार म्हणजे नक्की काय, हेही मला माहीत नव्हतं. नंबर हा माझ्या लेखी फक्त पेटीतल्या भिंगाच्या दांडीवर कोरलेला आकडा होता.

बुधवारी शाळेला सुट्टी होती, आणि दुपारी आई कागद द्यायला कचेरीत गेली. मी भिंगांची पेटी उघडली. चांगल्या डोळ्यांवर मधे फुगीर असं जाड भिंग चढवलं की त्या नंबरच्या माणसासारखं लांबचं दिसेनासं होतं, हेही तिच्याच तोंडून ऐकलेलं. तपासणीची गोल फ्रेम नाकावर अडकवली, दोन्ही खाचांत साडेचारची जाड भिंगं बसवली आणि दुकानाच्या दारात जाऊन उभी राहिले.

रस्ता नव्हताच. करडं काहीतरी होतं आणि त्यात रंग हलत होते. समोरच्या दुकानाची पाटी एक पिवळा डाग झाली होती. एक मोठा हिरवा डाग वाढत वाढत आला आणि भोंगा वाजल्यावर कळलं की ती लष्कराची मोटार होती. आधी मला मजा वाटली. मग पायरी उतरायला गेले तर पायरी कुठे संपते ते समजेना. समोर कुणीतरी येऊन उभं राहिलं, चार पावलांवर. माणूस होता एवढं कळत होतं. पुरुष की बाई, ओळखीचा की परका, हसतोय की हात उगारतोय, काही कळत नव्हतं. मी दाराची चौकट घट्ट धरली.

“पेटीला हात कुणी लावू दिला?” असं त्या आकृतीने विचारलं तेव्हा ती आई निघाली.

स्वतःची आई मला चार पावलांवरून ओळखता आली नव्हती. दादा अशा डोळ्यांनी बंदूक घेऊन जाणार होता. त्याच्याकडे येणारा माणूस आपला की शत्रूचा हे त्याला तो बोलल्यावर कळणार होतं, आणि शत्रू काही हाक मारून येत नाही.

आई रागावली नाही. भिंगांबद्दल कुणी काही विचारलं की तिचा राग विरघळायचा. “बघायचंच होतं तर नीट बघ,” असं म्हणून तिने मला चक्क गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं आणि फ्रेममधली भिंगं एक-एक करून काढली. “हं, आता वाच आरशात.”

मी वाचायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. चौथी रांग माझ्या माहितीप्रमाणे उजवी, वर, डावी, डावी, खाली अशी होती. आरशात ती खालीपासून सुरू होत होती. खाली, उजवी, उजवी, वर, डावी. सगळ्या रांगा शेवटाकडून, आणि डावीची उजवी झालेली. मी वर्षभर तक्ता स्टुलावरून पाहिला होता, सरळ. गिऱ्हाईक तो आरशात बघतं. दादाला दिलेलं पान पहिल्या गोलापासून शेवटच्यापर्यंत उलटं होतं.

“काय झालं?” आईने विचारलं.

“काही नाही,” मी म्हणाले.

संध्याकाळी मुंगी आली. दादाचं पाठांतर अगदी चोख झालंय, असं सांगून तिने स्वतःच मला तक्ता म्हणून दाखवला, कारण दादाला ऐकवून ऐकवून तिलाही पाठ झाला होता. मला फक्त एवढं म्हणायचं होतं की थांब, हे उलटं आहे. पण सांगितलं असतं तर तिने सुलटं मागितलं असतं, आणि सुलटं दिलं असतं तर दादा पास झाला असता. देत नाही म्हणाले असते तर मुंगी माझ्याशी बोलली नसती. शेवटच्या रांगेनंतर ती थांबली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

“छान,” मी म्हणाले.

तरी ती गेली नाही. जरा वेळ दारातच घुटमळली. मग “बरं,” म्हणाली आणि गेली.

आमची शाळा दुपारची होती, त्यामुळे गुरुवारी सकाळी मी स्टुलावर होते. दादा केस विंचरून, धुतलेला सदरा घालून आला. आईने त्यालाही आरशाची युक्ती पहिल्यापासून समजावली.

“वर,” दादा म्हणाला. तो वाटीएवढा गोल एकटाच होता आणि फट खरोखर वरच होती, म्हणून ते बरोबर आलं. दुसऱ्या रांगेला आईची पेन्सिल थांबली. तिसऱ्या रांगेला तिने ती खाली ठेवली. दादा मात्र आरशाकडे डोळे लावून म्हणतच राहिला, उजवी, वर, डावी, डावी, खाली, आणि कुणी न सांगता शेवटची रांगही म्हणून मोकळा झाला.

“शेवटची तर मलाही दिसत नाही,” आई म्हणाली.

“माझी नजर चांगली आहे, काकू.”

“फारच चांगली. प्रत्येक रांग शेवटाकडून वाचलीस आणि डावीला उजवी म्हणालास. बाकी एकही गोल चुकला नाहीस. आरशात तक्ता असा दिसत नाही, बाळ. असा तो त्या स्टुलावरून दिसतो.”

स्टुलाकडे तिने बघितलंही नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

“दिवसभर उलटे खिळे जुळवतो मी,” दादा म्हणाला, “आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही.” तो जरासा हसला आणि मग दोन्ही हातांत तोंड घेऊन बसला. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

आईने त्याला सावरायला वेळ दिला. मग फ्रेम त्याच्या नाकावर ठेवून एक-एक भिंग लावत गेली आणि साडेचारला थांबली. दादाने आरशात पाहिलं, मग मान वळवून आईकडे पाहिलं.

“काकू, तुमचे केस किती पांढरे झालेत.”

“झालेत खरे,” आई म्हणाली आणि कागदावर ‘नापास’ लिहून सही केली. “चष्मा शनिवारी घेऊन जा.”

तो गेल्यावर तिने मला विचारलं आणि मी सगळं सांगितलं, पान, छापखाना, बुधवारची दुपार. ती ओरडेल म्हणून मी कान तयार ठेवले होते. तिने फक्त एवढंच विचारलं, “मुंगीला सांगणार आहेस का हे?”

मुंगीशिवाय मला दुसरी मैत्रीण नव्हती, आणि युद्धाच्या दिवसांत नवी मैत्रीण मिळत नाही, रोज वर्गातलं कुणीतरी गाव सोडून जात असतं.

दुपारी मुंगी जिन्यातच उभी होती. आज तिच्या हातात काही नव्हतं.

“दादा म्हणाला, आरशामुळे झालं. बिचारीच्या लक्षात आलं नसेल म्हणाला. चुकून झालं ना?”

तिने उत्तर माझ्या हातात आणून ठेवलं होतं. मी नुसतं हो म्हणाले असते तरी ते खोटं ठरलं नसतं. मी हो म्हणायला तोंड उघडलंसुद्धा.

“देताना चुकून झालं,” मी म्हणाले. “पण बुधवारी दुपारी मला कळलं होतं. संध्याकाळी तू म्हणून दाखवलंस तेव्हा मला माहीत होतं ते उलटं आहे.”

“आणि तू छान म्हणालीस.”

“हो.”

“का?”

“सांगितलं असतं तर तू बोलली नसतीस माझ्याशी.”

ती पायरीवर बसली. मान खाली घातली. मग म्हणाली, “दादा मला चार पावलांवरून ओळखत नाही. मी हाक मारली की कळतं त्याला. रस्ता ओलांडताना मी पुढे असते. लहानपणापासून.”

“मग जरा धूसर का म्हणालीस?”

“शपथ घातली होती त्याने. कुणालाही सांगायचं नाही म्हणून. मला नाही म्हणवेना त्याला.”

“मग तक्ता मागायला माझ्याकडे का आलीस?”

तिने मान वर केली आणि ढ मुलीकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. “तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून. मला वाटलं, सोमवारीच जेवताना काकूंना सांगून मोकळी होशील. काकू दादाला थांबवतील, आणि माझी शपथही मोडणार नाही. तीन दिवस वाट बघत होते मी. बुधवारी आले ते तेच बघायला, की सांगितलंस का. आणि तू छान म्हणालीस. आयुष्यात पहिल्यांदा तू गप्प बसलीस, आणि ती हीच वेळ सापडली तुला. रात्रभर झोपले नाही मी. वाटलं, दादा पास होणार आता, आणि ते मीच केलं.”

ती रडायला लागली. मी तिच्याजवळ बसले. आम्ही दोघींनी मिळून एका माणसाला जवळजवळ मरायला पाठवलं होतं, आणि ते होऊ नये असं दोघींनाही वाटत होतं, फक्त एकमेकींना सांगितलं नव्हतं. हे माझ्या तेव्हा पूर्ण लक्षात आलं असं नाही. मला फक्त भयंकर लाज वाटत होती.

घंटा झाली. मुलं आम्हाला ओलांडून वर जायला लागली.

“आपण अजून मैत्रिणी आहोत का?” मी विचारलं.

मुंगीने बाहीला नाक पुसलं. “आधी मला सगळं सांग,” ती म्हणाली. “काही न गाळता.”

मी सांगायला लागले.